बादलीतला वर्ग

मी विद्यार्थ्यांना कधी नावानं हाक मारली नाही. अंबडच्या एका कॉलेजात वीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतो आहे, आणि इतकी वर्षं माझ्यासमोर नंबरच बसत आले. नाव घेतलं की आडनाव येतं, आडनावामागून गाव येतं, आणि गाव आलं की दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी मामा हात जोडून दारात उभा. नंबराला मामा नसतो. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये बऱ्याचदा टाकलं आहे आणि दर वेळी हशा वसूल केला आहे.

ही आठवण एकतीस नंबरची आहे. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. तिचं नाव मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. नाव घ्यायचा मला अधिकार नाही वगैरे लिहायचा मोह होतो, पण खरं कारण साधं आहे. माझ्या तोंडून आलेलं तिचं नाव तिला आवडणार नाही.

करोनात मोबाईलवर शिकवायची जी सवय लागली, ती पुढं आमच्या कॉलेजला सोयीची वाटली. खोल्या कमी, तुकड्या जास्त. एका मीटिंगमध्ये प्राचार्यांनी जाहीर केलं की इथून पुढं सोमवार ते बुधवार वर्ग कॉलेजात भरतील आणि गुरुवार ते शनिवार मोबाईलवर. याला हायब्रीड पद्धत म्हणतात. चहाचा ट्रे घेऊन आलेला आमचा शिपाई दारातच थबकला. "सर, हायब्रीड म्हंजे बियाचंच ना?" त्यानं मला विचारलं. "तेच," मी म्हणालो, "फरक एवढाच की बी उगवतं." सगळे हसले, प्राचार्यही हसले. शिपायाला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. तो रिकामे कप गोळा करून गेला.

मोबाईलवरचा वर्ग म्हणजे काय प्रकार आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. साठ काळे चौकोन, प्रत्येकावर एक नंबर, आणि चौकोनाच्या मागं कुणी असेलच याची खात्री नाही. सुरुवातीला 'हजर सर' म्हणायचं आणि मोबाईल उशाखाली ठेवून झोपायचं. मला कुणी फसवलं की माझं डोकं फिरतं. मग मी मधली हजेरी काढली. शिकवता शिकवता मध्येच थांबायचं, कुठलाही नंबर पुकारायचा आणि मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं. दहाच्या आत कॅमेरा सुरू होऊन तोंड दिसलं तर हजर. नाही दिसलं तर त्या दिवसाची हजेरी गेली, सुरुवातीला कितीही 'हजर सर' म्हटलेलं असो. प्राचार्यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्यांना लागू केली. पोरं मला 'मोजणी' म्हणायला लागली. मोजणीवाला आला की बांधावरचं भांडण ठरलेलंच, तसा मी.

मला ते नाव आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. घनसावंगीकडच्या एकानं एकदा सांगितलं, "सर, घरात रेंज न्हाई, टाकीवर चढून बसलोय." मी म्हणालो, "मग टाकीवरून दर्शन द्या." त्यानं कॅमेरा लावला. मागं नुसतं आभाळ, आणि तो एका हातानं शिडी धरून बसलेला. "आता खाली बघू नका," मी म्हणालो, "तुमचा निकाल तिकडंच आहे." पोरं आठवडाभर हसत होती. तोही हसला. हसण्यावाचून त्याच्या हातात काय होतं?

एकतीस नंबर मात्र माझ्या हातात सापडत नव्हती.

वर्गात ती खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायची. बारीक, काळीसावळी, डोक्याला तेल चोपडलेलं. तिच्या घरात आजोबापर्यंत मेंढरं राखली होती. बापानं मेंढरं विकून मजुरी धरली. एवढं मला तिच्या प्रवेशाच्या अर्जावरून आणि थोडं अंदाजानं कळलं होतं. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना विचारतो, पुढं काय करणार. बाकीचे तलाठी, पोलीस असलं काहीबाही सांगतात. ती म्हणाली होती, "जालन्याला बियाच्या कंपनीत लॅब असती सर, तिथं." मी विचारलं, "तिथं काय करणार?" ती म्हणाली, "पांढरा कोट घालून बी तपासणार." पोरं हसली. मी त्या दिवशी हसलो नव्हतो, कारण ते जमण्यासारखं होतं. कंपन्या शेवटच्या वर्षाच्या निकालानंतर आमच्या कॉलेजातून एकदोन मुली दर साली लॅबमध्ये घेतात. पदवी लागते, बाकी फार काही लागत नाही.

सोमवार ते बुधवार ती एकही तास चुकवायची नाही. गुरुवार ते शनिवार सुरुवातीला 'हजर सर' असा बारीक आवाज यायचा, आणि मधल्या हजेरीला मी एकतीस म्हणून पुकारलं की काळा चौकोन काळाच राहायचा. जुलै, ऑगस्टमध्ये असं नव्हतं, तेव्हा तिचं तोंड दिसायचं. मागं पत्र्याची भिंत आणि खुंटीला टांगलेली पिशवी. सप्टेंबर लागला आणि ती दिसेनाशी झाली. मी मोजायचो, दहा व्हायचे, मी रेघ मारायचो.

एकदा सोमवारी वर्गात मी परागणावर प्रश्न विचारला. आदल्या शुक्रवारी मोबाईलवर शिकवलं होतं तेच. कुणालाच येईना. ती उठली आणि माझंच वाक्य माझ्याच चालीत म्हणाली, मी मध्ये टाकलेल्या विनोदासकट. मी रजिस्टर उघडून पाहिलं.

"शुक्रवारी तर तू नव्हतीस."

"होते सर."

"दिसली नाहीस."

"ऐकत होते सर."

"मी काय रेडिओ लावला होता का ऐकायला?"

वर्ग खदखदला. ती खाली बसली नाही. तिनं पुढं सांगितलं, "आणि सर, आभाळ आलं की पराग चिकट होतात, मग फळ कमी धरतं." मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? तिनं सांगितलं, "पुस्तकात न्हाई." मी म्हणालो, "मग परीक्षेतही नाही. बस खाली." ती बसली आणि डोळा चोळायला लागली, आणि चोळल्यावर तो आणखीच लाल झाला. तिच्या बोटांना काहीतरी झोंबणारं लागलेलं असतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आहे मी. मिरचीचं झाड हाताळलेली बोटं मी ओळखू नयेत?

आता शेताबद्दल सांगावं लागेल. अंबडहून घनसावंगीच्या रस्त्याला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. थोरला भाऊ, आमचा दादा, ती बघतो. मी अंबडला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी मालक असल्यासारखा फेरी मारून येतो. तीनेक वर्षांपासून दादानं कंपनीसाठी मिरचीचं बी घ्यायला हिरव्या जाळीचं नेट उभं केलं आहे. नेट म्हणजे खांबांवर ताणलेली जाळी, आत मिरचीच्या ओळी. काम नाजूक असतं. फूल उमलायच्या आधी कळी चिमट्यानं उघडायची, तिच्यातले पुंकेसर काढायचे, मग नराच्या झाडांचे पराग तिला लावायचे आणि खूण म्हणून देठाला लोकरीचा धागा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर रोज सकाळी ते करावं लागतं. एखादी कळी नजरेतून सुटली तर ती आपल्याच परागानं फळ धरते, आणि असली फळं बियाण्यात मिसळली की कंपनी सगळा माल नापास करते.

आदल्या साली आमचा माल असाच नापास झाला होता. दादा कपाळाला हात लावून बसला. "बाया दिवसभर मोबाईलवर बोलून राह्यल्यात," तो म्हणाला, "चित्त कुठं ऱ्हातंय त्यांचं? मंग काय करावं?"

घरातला शिकलेला मीच. मी म्हणालो, "सोपं हाय. दारातच मोबाईल काढून घे. आत बिलकुल न्यायचा न्हाई."

रंगाची एक रिकामी पांढरी बादली पडली होती. मी ती धुतली, मार्करनं तिच्यावर ठळक अक्षरात 'मोबाईल इथे ठेवा' असं लिहिलं आणि नेटच्या दाराशी ठेवली. माझं अक्षर चांगलं आहे. नियम लागू झाला. सकाळी जीपमधून शेजारच्या गावच्या बाया यायच्या, बादलीत मोबाईल टाकायच्या, तोंडाला स्कार्फ बांधायच्या आणि आत जायच्या. त्यांच्यात कोण कोण आहे हे मी कधी पाहिलं नाही. स्कार्फ बांधल्यावर पंधरा बाया सारख्याच दिसतात, आणि मला त्यांच्याकडं बघायचं कारणही नव्हतं.

ऑक्टोबरातला एक शुक्रवार. अंबडला पहाटेपासून वीज गेली होती, टॉवरही बंद पडला. साडेनऊला माझा मोबाईलवरचा वर्ग होता. मी गाडी काढली आणि शेतावर आलो. तिकडं रेंज चांगली असते. लिंबाच्या झाडाखाली बाज टाकली, पालथ्या कॅरेटवर मोबाईल उभा केला. सुरुवातीची हजेरी चालू असतानाच बायांची जीप आली आणि बाया गलका करत आत गेल्या, मग मी शिकवायला सुरुवात केली. नेटचं दार माझ्यापासून वीस पावलांवर. दादा विहिरीवरच्या मोटारीकडं गेला होता. हवा पडली होती, पानही हलत नव्हतं.

पंधराएक मिनिटं झाली असतील. मी थांबलो आणि म्हणालो, "मधली हजेरी. एकतीस, कॅमेरा."

नेटच्या दाराकडून कुणीतरी म्हणालं, "मधली हजेरी. एकतीस, कॅमेरा."

मला वाटलं कुणी माझी नक्कल करतंय. मला राग आला. "एक," मी म्हणालो. क्षणभरानं तिकडूनही आलं, एक. मी उठलो. "दोन." दोन. आवाज बादलीतून येत होता. मी मोबाईल कॅरेटवरून उचलून हातात घेतला आणि चालत बादलीपाशी गेलो. आत दहाबारा मोबाईल एकमेकांवर पडलेले, आणि सगळ्यात वर, भेगा गेलेल्या काचेत, माझं स्वतःचं तोंड. आवाज शेवटापर्यंत वाढवून ठेवलेला.

मी मान वर केली. दारालगतच्या पहिल्याच ओळीत, जाळीच्या पलीकडं, हातभर अंतरावर ती उभी होती. तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे उघडे. एका हातात चिमटा. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत कळी धरलेली. ती सोडली तर कळी मोडेल म्हणून तिनं ती सोडली नव्हती.

इथं मी थांबायला हवं होतं. कुठलाही माणूस थांबला असता. माझे आकडे चालूच राहिले. तिच्या डोळ्यांत बघत मी पाच म्हणालो, सहा म्हणालो. प्रत्येक आकडा तिला दोनदा ऐकू येत होता, एकदा माझ्या तोंडून आणि एकदा बादलीतून. सातला तिनं चिमटा खाली केला, एक पाऊल दाराकडं टाकलं. तेवढ्यात मागून मुकादमबाई ओरडली, "ए पोरी, ओळ सोडू नको!" आणि ती थांबली. आठ. नऊ. दहा.

"एकतीस गैरहजर," मी म्हणालो.

बादलीनंही तेच सांगितलं. आतून कुणीतरी बाई फिसकन हसली, तिला वाटलं मोबाईलवर काही गंमत चालली आहे. एकतीस नंबरनं मान खाली घातली आणि हातातल्या कळीचं काम पुरं करून धागा बांधला.

आणि मग मी बादलीत हात घातला, तिचा मोबाईल बाहेर काढला, वर्ग बंद केला आणि मोबाईल पुन्हा जागेवर पालथा ठेवला. आवाजामुळं मला शिकवताना अडथळा येत होता, असं मी स्वतःला सांगितलं. बाजेवर येऊन पुढचा अर्धा तास मी मुळांची रचना शिकवली. चांगली शिकवली. ती वीस पावलांवर होती आणि तिला वाऱ्यावर येईल तेवढंच ऐकू येत होतं, आणि त्या दिवशी वारा नव्हता.

दुपारी बाया गेल्यावर जेवताना मी दादाला सहज विचारल्यासारखं केलं, "दाराजवळच्या ओळीतली ती पोरगी कोण?"

"ती व्हय? तिच्या हाताला लई गुण हाय," दादा म्हणाला. "तिनं बांधलेली कळी शंभरात पाचबी वाया जात न्हाई. कालेजात हाय म्हणी कुठंतरी, म्हणून तीनच दिस येती. पैले तर येतच नव्हती. पण ते आता तुमचं निघालं ना, तीन दिस घरीच कालेज. बाप म्हणला, घरी बसून काय करती, चाल कामावर. एक खोड हाय तिला. कायम दाराजवळचीच ओळ मागती. तिथं ऊन लागतं, कुणी घेत न्हाई. हिला तीच पाहिजे. कामून, कुणाला म्हाईत."

कामून ते मला माहीत होतं. मी भाकरी मोडली.

बोललो असतो तर काय झालं असतं? दादा हसला असता, म्हणाला असता, अरे मंग सांगायचं ना, मोबाईल घेऊन बसू दे तिला तासभर. दादा वाईट माणूस नाही. पण मग सगळ्या गावात झालं असतं की मास्तरच्या नेटात मास्तरचीच विद्यार्थिनी राबते आणि मास्तर तिला गैरहजर लावतो. मला लाज वाटली. आणि मला लाज वाटली की ज्याच्यामुळं वाटली त्याचा राग येतो. पुढचे दोन आठवडे मी दर गुरुवार, शुक्रवार, शनिवार न चुकता एकतीस नंबर पुकारला. साठातून कुठलाही पुकारता आला असता. अंबडला घरात पंख्याखाली बसून मी दहापर्यंत मोजायचो आणि मला माहीत असायचं की माझा आवाज कुठल्या बादलीत पडतो आहे.

परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल त्याला अर्ज भरता येत नाही. यादी मीच केली. सोमवार ते बुधवार ती पूर्ण हजर होती, जुलै-ऑगस्टही बरा होता, त्यामुळं ती फार मागं नव्हती. चार तास कमी पडले. चार रेघा.

प्राचार्यांनी यादी बघितली. कमी पडलेल्या बाकीच्यांनी डॉक्टरचे दाखले आणून दिले होते. सगळ्यांना एकाच आठवड्यात एकच ताप आलेला, एकाच डॉक्टरकडं. ते सगळे आम्ही पास केले. प्राचार्य म्हणाले, "या एकतीसचं काय? मुलगी चांगली दिसतेय. चारच तास आहेत, घ्या की सांभाळून."

मी म्हणालो, "दाखला नाही आणला तिनं."

"आणायला सांगा."

"खोटा दाखला आणायला मी सांगू, सर?"

प्राचार्य ओशाळले. त्यांना ओशाळवून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. त्यांनी सही केली.

यादी फलकावर लागली त्याच दुपारी ती विभागात आली. दारातच उभी राहिली. आत मी आणि रसायनशास्त्राचे एक सहकारी चहा पीत बसलो होतो.

"सर, चार तास कमी पडून राह्यलेत."

"मला माहीत आहे. यादी मीच केली."

"साल जाईल सर. बाप म्हणतो, औंदा झालं तर झालं, फुडच्या साली पाठवायचा न्हाई."

"मग वर्गात हजर राहायचं होतं."

"सर, तुमाला तर म्हाईत हाय, मी कुठं होते."

माझे सहकारी कप खाली ठेवून तिच्याकडं बघायला लागले. आणि अशा वेळी माझं जे होतं तेच झालं. मी खुर्चीत मागं रेललो आणि म्हणालो, "नाही बुवा. सांग ना. कुठं होतीस?"

तिनं सहकाऱ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिची आई आणि चुलतीही आमच्याच नेटात कामाला यायच्या. ती म्हणाली, "कुठं न्हाई सर," आणि गेली. सहकाऱ्यांनी विचारलं, काय भानगड आहे? मी म्हणालो, "काही नाही हो. यांना घरबसल्या पदवी पाहिजे." ते हसले आणि आम्ही चहा संपवला.

तिनं दोन शब्द बोलायचे होते फक्त, 'तुमच्या नेटात'. त्या दोन शब्दांनी तिचं साल वाचलं असतं आणि माझं तोंड काळं झालं असतं. ती बोलली नाही, आणि मी तेवढ्यावर सुटलो. रात्री नीट झोप लागली. लोक म्हणतात मन खातं, खातं. माझं खायला वर्ष लागलं.

त्या साली आमच्या मिरचीचं बी पहिल्या झटक्यात पास झालं. कंपनीचा माणूस स्वतः येऊन दादाला हार घालून गेला. दिवाळीनंतर कॉलेजात तिसऱ्या बाकावर दुसरी मुलगी बसायला लागली. निकालानंतर जालन्याच्या कंपनीनं लॅबमध्ये दोन मुली घेतल्या. त्यातल्या एकीला चिमटा कुठल्या बाजूनं धरायचा हे मी प्रात्यक्षिकात तीन वेळा दाखवलं होतं.

पुढच्या साली पुन्हा सप्टेंबर आला. कॉलेजचे तीन दिवस वर्गात आणि तीन दिवस मोबाईलवर चालूच होते, माझी मधली हजेरीही चालू होती. एका गुरुवारी सकाळी दादाचा फोन आला. मिरचीच्या एका बाजूच्या झाडांची पानं वळायला लागली होती, येऊन बघ म्हणाला. सव्वानऊ झाले होते, साडेनऊला वर्ग. मी विचार केला, रस्त्यातच वर्ग सुरू करावा, हजेरी होईपर्यंत पोहोचू, झाडं बघत बघत शिकवू. हातात मोबाईल धरून मी नेटच्या दाराशी आलो. पोरं एकेक करून 'हजर सर, हजर सर' म्हणत होती.

दारात ती उभी होती. आता सहाही दिवस येत होती. दादानं तिला मुकादम केलं होतं. काखेत बायांच्या हजेरीची वही, हातात ती पांढरी बादली. वर्षभराच्या उन्हानं माझी अक्षरं फिकी पडली होती, पण वाचता येत होती.

मी आत जायला लागलो, तशी तिनं बादली पुढं केली.

"मोबाईल, सर."

मला वाटलं ती विसरली मी कोण आहे. म्हणालो, "माझा वर्ग चालू आहे."

"आत चालत न्हाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मागं माल नापास झाल्ता, तवापासून बंद हाय. नियम तुमीच केलाय."

आतल्या बायांचे हात थांबले होते. दादा झाडांपाशी ओणवा होता, तो मान वर करून म्हणाला, "टाक रे बादलीत, जल्दी ये हिकडं. ती मलाबी सोडत न्हाई." आणि हसला. त्याला तिचं कौतुक होतं.

मी मोबाईल बादलीत ठेवला. वर्ग चालूच होता. बादलीतून पोरांचे आवाज यायला लागले. सर, आवाज येईना. सर, ऐकू येतंय का? सर, तुम्ही आहात का?

तिनं बादलीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्याकडं बघतच मोजायला लागली. हळू आवाजात, घाई न करता, एक, दोन, तीन. बायांना वाटलं ती मोबाईल मोजते आहे. मी तिथंच उभा. बादलीत हात घालायचा, मोबाईल उचलायचा, 'आहे रे' म्हणायचं, एवढंच होतं. मला ते करता आलं नाही. दहा झाल्यावर ती बादलीवर वाकली आणि कॉलेजात बोलायची तशा स्वच्छ मराठीत म्हणाली, "सर आज गैरहजर आहेत."

मग तिनं वर्ग बंद केला, मोबाईल पालथा ठेवला, आणि मला आत जायला वाट दिली.

पानांवर कोकडा रोग आला होता. दादाला फवारणी सांगितली, अर्ध्या तासानं बाहेर आलो. ती दाराजवळच्या ओळीत काम करत होती. मी तिच्यासमोर थांबलो, काहीतरी बोलायचं म्हणून तोंडही उघडलं. मला तिला नावानं हाक मारायची होती. ती म्हणाली, "सर, सावली पडून राह्यली कळीवर," आणि मी बाजूला झालो.

आमच्याकडं प्राध्यापकांना रोज संध्याकाळी कॉलेजच्या पोर्टलवर भरावं लागतं, आज कुठला तास घेतला, किती मिनिटं घेतला, किती मुलं हजर होती. त्या संध्याकाळी मी ते उघडून बसलो. तास घेतला, असं लिहिलं. मिनिटं पूर्ण लिहिली. हजर विद्यार्थी साठ लिहिले आणि खाली माझ्या नावानं सही केली.